मित्रा केवढी झाली

नागपूर
जानेवारी १९८६

प्रिय सत्या,

तू दर पत्राच्या शेवटी विचारतेस, मित्रा केवढी झाली? आणि मी दर वेळी उंदरांचं, रसायनांचं, विभागातल्या भांडणांचं लिहून पत्र संपवते. तुला वाटत असेल, हिला कामापुढे लेकीची आठवणच राहत नाही. तसं नाही गं. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते कागदावर उतरलं की खरं होईल अशी भीती वाटायची. आज सगळं लिहिणार आहे. आज लिहिल्याशिवाय गत्यंतरच नाही.

तू अमेरिकेला गेलीस तेव्हा मित्रा चार वर्षांची होती. स्टेशनवर तुला सोडायला आली होती, पिवळा फ्रॉक घालून. तूच गांधीबागेतल्या तुमच्या दुकानातून त्याचं कापड आणलं होतंस. सत्या, तो फ्रॉक तिला आठ वर्षांची होईपर्यंत येत राहिला. विटला, काखेत उसवला, पण आखूड झाला नाही. सुरुवातीला आम्हाला कळलंच नाही. सासूबाई म्हणायच्या, पोट्टी माझ्यावर गेली, मी बी ठेंगणीच. विश्वनाथ म्हणायचा, आमच्या घरात सगळे उशिरा वाढतात. मग शेजारच्या घरातलं तिच्याहून लहान बाळ तिच्या खांद्याला आलं, मग तिच्या पुढे गेलं. शाळेत पहिलीपासून ती पहिल्या बाकावर, आणि प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे. इंदोऱ्याहून बसनं जाताना कंडक्टर तिला उचलून पायरीवर ठेवायचा. एकदा तिनं त्याचे हात झटकले आणि सगळ्या बससमोर ठणकावून सांगितलं, मले उचलू नका, मी तिसरीत हाय. बस हसली. घरी येऊन ती जेवली नाही.

रामदासपेठेतल्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो तेव्हा ती साडेआठ वर्षांची होती आणि उंची पाच वर्षांच्या मुलीची. तिथून मुंबई. रक्त काढ, साखर उतरव, पुन्हा रक्त काढ, डोक्याचे फोटो, मनगटाचे फोटो. ती रडली नाही. प्रत्येक सुईच्या वेळी विचारायची, यानं कळेल न आता? कळलं. मेंदूच्या तळाशी जी वाटाण्याएवढी ग्रंथी असते ती शाबूत आहे. तिच्यात वाढीचं हार्मोनही आहे. पण ते सोड म्हणून मेंदूकडून जो निरोप यायला हवा, तो येत नाही. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? आनंद वाटला. मी पेप्टाइडवाली बाई, तू आणि मी एकाच टेबलावर उभ्या राहून अमिनो आम्लांची ती साखळी जोडायला शिकलो, आणि माझ्या लेकीचं दुखणं निघालं ते एका पेप्टाइडच्या निरोपाचं. मला वाटलं, हे तर माझ्याच हातचं आहे.

पण तेव्हा हातात होतं ते तयार हार्मोन. परदेशातून मुंबईमार्गे छोट्या बाटल्या यायच्या, बर्फात. मेलेल्या माणसांच्या ग्रंथी गोळा करून त्यातून काढलेलं. हे सासूबाईंना सांगावं की नाही, यावर आम्ही दोघं आठवडाभर बोलत होतो. शेवटी मीच सांगितलं. पंचफुलाबाईंना तू ओळखतेस, छप्पन साली कडेवर लेकरू घेऊन चालत दीक्षाभूमीवर गेलेली बाई. त्या म्हणाल्या, गेलेला माणूस गेला, त्याचं काही कोणाच्या कामी येत असंल तर येऊ दे. दे वं तू. आणि मी दिलं. कंपाउंडरकडे न्यायची गरज नव्हती, इंजेक्शन मलाच येत होतं. एक दिवसाआड, मांडीत, आधी उजव्या, मग डाव्या. टोचताना मित्रा पाढे म्हणायची.

आणि सत्या, ती वाढली. पहिल्या तीन महिन्यांत चपला लहान झाल्या. सासूबाई फ्रॉकची शिवण उसवायच्या आणि खालची पट्टी सोडायच्या, आणि हे काम त्या मुद्दाम ओट्यावर बसून करायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून. विश्वनाथ अजनीच्या रेल्वे शेडमधून आला की आधी तिला भिंतीशी उभी करायचा आणि मग चहा प्यायचा. तिला पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या फळीवरचा गुळाचा डबा हाताला लागला, त्या दिवशी तिनं इतका गूळ खाल्ला की पोट बिघडलं. मी तिला रागावलेसुद्धा नाही. दीड वर्ष आमच्या घरात असं सुख होतं. बाटल्या कधी मिळायच्या, कधी खंड पडायचा, पण पोर वाढत होती.

मागच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी निरोप पाठवला, दोघांनीही या, मुलीला आणू नका. कूलरची घरघर चालू होती, त्यांनी तो बंद केला आणि दार लावून घेतलं. तेव्हाच मी समजले की काहीतरी मोठं आहे. परदेशात काही तरुण मुलं मेली होती. लहानपणी हेच हार्मोन घेतलेली. मेंदूचा एक आजार, मेंदू आतून जाळीसारखा होत जातो आणि काही महिन्यांत माणूस संपतो. ज्या मृतांच्या ग्रंथी घेतल्या त्यांतल्या एखाद्याला तो असावा आणि बाटल्यांमधून तो पुढे गेला असावा. तिकडे सगळं थांबवलं होतं. घरी उरलेल्या बाटल्या परत आणून द्या, डॉक्टर म्हणाले. विश्वनाथनं विचारलं, आमच्या मुलीला? ते म्हणाले, सांगता येत नाही. रक्तात दिसत नाही. पाच वर्षांनी निघेल, पंधरा वर्षांनी निघेल, बहुतेक कधीच निघणार नाही. मी विचारलं, पहिलं लक्षण काय? खरं तर मी विचारायला नको होतं. ते म्हणाले, चालताना तोल जातो.

हे तू रसायनशास्त्रज्ञ म्हणून वाचू नकोस. तुला आकडे माहीत असतील, हजारोंतून चार-पाच, आणि आमच्या बाटल्या वेगळ्या कारखान्याच्या. मी स्वतःला ते रोज सांगते. पण तेव्हापासून मी माझ्या लेकीचा चेहरा बघितलेला नाही, मी तिचे पाय बघते. ती अंगणात लंगडी खेळते, मी खिडकीत असते. पावसाळ्यात एकदा ती खेळताना पडली. सगळी मुलं पडतात. मी धावत गेले, तिला उभी केली आणि म्हटलं, या फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखव. ती चालली. म्हटलं, परत. ती परत चालली. आता डोळे मिटून. आता पायाला पाय लावून. गुडघ्यातून रक्त येत होतं तिच्या आणि मी तिला चालवत होते. तिला वाटलं, पडली म्हणून आई शिक्षा करते आहे. ती हमसून हमसून रडायला लागली, मी चुकली आई, मी नाही खेळणार. सासूबाई आतून धावत आल्या आणि तिला पोटाशी घेऊन माझ्यावर ओरडल्या, काहून छळून राहिली वं पोरीले? येड लागलं काय तुले? त्यांना आम्ही आजाराचं सांगितलेलं नाही. बाटल्या मिळत नाहीत, एवढंच सांगितलंय. मी तिथंच फरशीवर बसले.

आता कामाचं. तुला यातलं अर्धं ठाऊक आहे, पण ते कशासाठी चाललं होतं हे ठाऊक नाही. चौऱ्याऐंशीत तिकडच्या नियतकालिकात तो लेख आला, फक्त सहा अमिनो आम्लांची साखळी आणि ती ग्रंथीला हार्मोन सोडायला लावते. मी तो वाचनालयात उभ्यानंच वाचला आणि पुन्हा वाचला. मेलेल्या माणसाचं काही नको, कारखाना नको. सहा आम्लं, ती तर मी काचेच्या भांड्यात जोडू शकते. तेव्हा बाटल्यांचा खंड पडत होता म्हणून मी सुरू केलं. उन्हाळ्यानंतर माझ्यापुढे दुसरं काही उरलंच नाही. सासूबाईंनी विचारलं, दिवसभर काय करत असते तिथं? मी सांगितलं, मेंदू ग्रंथीला म्हणतो, सोड. मित्राच्या मेंदूकडून ते म्हणणं होत नाही. मी ते म्हणणं बाटलीत बनवते आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, म्हंजे तू तिच्या डोक्यातल्याले हाक मारून राहिली. मी म्हटलं, हो. पण माझी हाक लहान पडते, त्याला ऐकू जात नाही. तर म्हणाल्या, मंग जोरात मार न वं!

जोरात हाक मारायची कशी, यातच माझं वर्ष गेलं. पहिलं पेप्टाइड जमलं, पण ते इतकं जास्त द्यावं लागे की कामाचं नव्हतं. रक्तातली विकरं ते तोडून टाकत, पोचायच्या आधीच. दुसऱ्या जागी सरळ आम्लाऐवजी त्याचं उलटं, आरशातलं रूप घातलं की विकरांना ते पकडता येत नाही, हे तर सगळ्यांना माहीत होतं. तू पाकिटातून पाठवलेली ती डी-ट्रिप्टोफॅनची बाटली मी चिमटी-चिमटीनं वापरली. मग मी पुढच्या जागा धरल्या. इथं एक कार्बन वाढव, तिथं एक कमी कर, शेपटीला दुसरं काही लाव. एक जागा बदलायची म्हणजे अख्खी साखळी पहिल्यापासून जोडायची. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि वीज दुपारची जायची. थंडीत करायची प्रक्रिया असायची तर मी सायकलरिक्षातून बर्फाची लादी भुसा लावून आणायची. एक साखळी तीन आठवडे जोडत आणलेली, शेवटच्या पायरीला वीज गेली आणि सगळं पिवळं पडलं. मी भांडं घासायला घेतलं आणि घासत राहिले. तुला आठवतं, आपल्या पहिल्या वर्षी असं झालं होतं तेव्हा तू हसून डबा उघडला होतास. तुझ्या आईनं माझ्यासाठी वेगळा डबा द्यायला सुरुवात केली होती आणि तू काही न बोलता तो वेगळा डबा स्वतः खायचीस, मला घरचा द्यायचीस. मी त्याबद्दल कधी बोलले नाही. त्या दिवशी भांडं घासताना तू शेजारी हवी होतीस.

आमच्या उंदरांचं रक्त तिकडे मोजून दिवाळीच्या सुमाराला तू जे आकडे पाठवलेस ते सगळ्यांत नवीन साखळीचे होते. पहिलीच्या मानानं कितीतरी कमी औषध आणि हार्मोन कितीतरी जास्त. तू पत्रात लिहिलंस, प्रेमा, हे छापायला हवं, घाई कर. मी ते पत्र घेऊन सिंधूताईंकडे गेले. सिंधूताई म्हणजे आमच्या शरीरक्रियाशास्त्र विभागातल्या, उंदरांचं सगळं काम त्याच बघतात, तुझ्यानंतर आल्या म्हणून तू त्यांना पाहिलेलं नाहीस. त्यांनी माझा हात धरून मला पिंजऱ्यांपाशी नेलं. औषध दिलेली एका बाजूला, न दिलेली दुसऱ्या. तराजू लागतच नव्हता, डोळ्यांनाच दिसत होतं. सिंधूताई टाळ्या वाजवत होत्या आणि मी त्या लठ्ठ, तुकतुकीत पिल्लांकडे बघून रडत होते. त्यांना वाटलं, आनंदानं.

मी ते सगळं घेऊन रामदासपेठेत गेले. डॉक्टर भले आहेत, त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, मॅडम, उंदरांना दिलेलं औषध मी तुमच्या मुलीला टोचणार नाही. आधी दुसरे प्राणी, मग निरोगी माणसं, मग दिल्लीची परवानगी. मी विचारलं, किती वर्षं? त्यांनी बोटं उघडली आणि परत मिटली. मग मित्राच्या मनगटाचा नवा फोटो दिव्यावर लावून दाखवला. हाडांची टोकं अजून उघडी आहेत. पण तिला बारावं लागेल, पाळी जवळ येईल, आणि मग ती टोकं जुळायला लागतील. एकदा जुळली की जगातलं कुठलंही औषध त्यांना उघडणार नाही. तिकडे आता जंतूंकडून बनवून घेतलेलं नवं हार्मोन निघालंय, त्यात मेलेल्या माणसाचं काही नाही, हे तू मला सांगायला नको. डॉक्टरांनी त्याचीही चौकशी केली. ते अजून तिथल्याच मुलांना पुरेना, इथं कधी येईल कुणी सांगत नाही, आणि आलं तरी आमच्या दोघांच्या पगाराच्या आवाक्यातलं नाही. डॉक्टर बरोबर बोलत होते, सत्या. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच शिकवते. बाहेर येऊन मी रिक्षात बसले आणि घराचा पत्ता सांगायच्या ऐवजी विभागाचा सांगितला.

नाताळच्या सुट्टीत मित्राला घेऊन विभागात गेले, घरी कोणी नव्हतं म्हणून. ती शहाणी आहे, तिला सगळ्यात आधी दिसतं. सिंधूताईंनी कौतुकानं पिंजरे दाखवले. ही औषधवाली, ही साधी. ती बराच वेळ बघत राहिली. इंदोऱ्याला उतरल्यावर, रस्त्यातच थांबून तिनं विचारलं, ते औषध तू माझ्यासाठी बनवलं न? मी हो म्हटलं. मंग काहून नाही देत? मी म्हटलं, बाळा, ते अजून उंदरांचं आहे, माणसाचं झालेलं नाही. तिनं माझ्याकडे मान वर करून बघितलं. अकरा वर्षांच्या मुलीला आईकडे बघायला इतकी मान वर करावी लागू नये, सत्या. ती म्हणाली, उंदरं वाढून राहिले न आई. मी नाही. रागानं नाही म्हणाली. शाळेत गणित चुकल्याचं सांगावं तसं सांगितलं आणि पुढे चालायला लागली. आणि मी मागून तिचे पाय बघत राहिले.

सासूबाईंचं तर आधीपासूनच, बनवलं न तू, मंग दे. एवढे दिवस माझ्या बाजूला विश्वनाथ होता. एका औषधानं आधीच घरात भीती आणून ठेवली, दुसरं नको, असं तो म्हणायचा, आणि मी चिडायची, भांडायची, पण आतून मला बरं वाटायचं. कुणीतरी नाही म्हणणारं होतं. मागच्या आठवड्यात शाळेचं स्नेहसंमेलन झालं. सहावीच्या मुलींचा नाच होता. मित्रा सगळ्यांत चांगली नाचते, पण बाईंनी तिला नाचात घेतलं नाही. नाटकात पाळण्यातलं बाळ केलं. दुपटं गुंडाळून, काजळाची तीट लावून. ती मंचावर गप्प पडून राहिली आणि लोक हसले, कौतुकानंच हसले. विश्वनाथ माझ्या शेजारी बसला होता. तो हसला नाही, रडलाही नाही. घरी आल्यावर अंगणातल्या नळावर पाय धूत असताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, दे तिले. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, तुझं औषध. काय व्हायचं ते होऊ दे. असं बी कोणतं सुख हाय. आता या घरात, सत्या, नाही म्हणणारं कुणी उरलेलं नाही. औषध विभागातल्या फ्रीजमध्ये आहे, सुई मला येते, मांडी पुढे करणारी तयार बसली आहे. मध्ये फक्त मी आहे, आणि माझा भरवसा मलाच वाटत नाही.

हे पत्र आणि बर्फाचा थर्मास आमच्या विभागातले मनोहरराव तुझ्या हातात देतील, ते परिषदेला येत आहेत. थर्मासमधल्या नळ्यांवर आधीसारखंच 'उंदीर' लिहिलेलं आहे, कारण कागदपत्रं तशीच करता येतात आणि मनोहररावांनाही तेवढंच माहीत आहे. उंदरांत जे चालतं ते माणसात चालेलच असं नाही, हे तुला मी सांगायला नको. ते कुणावर तरी बघायला हवं होतं. रविवारी दुपारी विभागात कुणी नव्हतं. सिंधूताई आधी नाही म्हणाल्या, मग ओरडल्या, मग रडल्या, आणि मग त्यांनी माझ्या दंडाला रबरी नळी बांधली. एकदा रक्त घेतलं, मी औषध टोचून घेतलं, आणि मग ठरल्या वेळानं त्या घेत राहिल्या. चेहरा थोडा तापला. मग अशी भूक लागली की सिंधूताईंचा डबा संपवून मी त्यांच्या पर्समधली बिस्किटंही खाल्ली. आमची उंदरंही अशीच खातात. बाकी काही झालं नाही, अजून तरी नाही. विश्वनाथला हे माहीत नाही, मित्राला नाही. तू हार्मोनचा आकडा काढशील. तो वाढलेला नसेल तर कळव, मी हे सगळं बंद करेन आणि मित्राला खरं काय ते सांगेन. पण तो वाढला असेल, तर नुसता आकडा पाठवू नकोस. तो हातात पडला की मी काय करेन हे मला आजच दिसतं आहे. त्याच्याबरोबर लिही, देऊ की नको. तुला रसायन कळतं, तू मित्राला कडेवर घेतलं आहेस, आणि तू आमच्या घरात राहत नाहीस. नको म्हणालीस तर मी ऐकेन, हे तुला वचन देते; तू सोडून दुसऱ्या कुणाचं ऐकायची माझी तयारी नाही. आणि एवढं सगळं लिहावं लागलं ते यासाठी की नळ्यांवरचं वाचून तू नेहमीसारखी उंदरांची चाचणी लावशील, त्यात काहीच दिसणार नाही, आणि तू मला कळवशील की औषध फुकट गेलं. तसं करू नकोस. ते रक्त माझं आहे, सत्या. माणसाचं म्हणून मोज.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
तुझीच
प्रेमा